शब्दांचे सांधे

मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग नागपूर आणि गोंदिया मागे टाकून छत्तीसगडात शिरला की डोंगरगढ, राजनांदगाव आणि दुर्ग अशी मोठी स्थानके लागतात. मराठी प्रवाशाला ही नावे परकी वाटत नाहीत. 'छत्तीसगड' म्हणजे छत्तीस गड; संख्यावाचक शब्द पुढे ठेवून केलेला हा समास शाळेतील मुलालाही सोडवता येतो. 'डोंगरगढ' हा डोंगर आणि गड यांचा जोड. 'राजनांदगाव' या नावात नांदगाव हे मूळ गाव आणि संस्थानाच्या राजधानीचा मान दाखवणारा 'राज' हा त्याला पुढून जोडलेला शब्द. शेवटचे 'दुर्ग' हे नाव तेवढे एकटे, सुटे आणि आखूड दिसते. वस्तुतः तोही एक समासच आहे. 'दुर्' म्हणजे कठीण आणि 'ग' म्हणजे जाणे या धातूचा अवशेष. जेथे जाणे कठीण ते स्थळ म्हणजे दुर्ग. दोन अक्षरांच्या या शब्दात एक संपूर्ण वाक्य मिटून बसले आहे.

मराठी माणूस हे नाव उच्चारतो तेव्हा त्याचे दोन आघात होतात: दुर् आणि ग. जेथे उच्चार तुटतो तेथेच अर्थही तुटतो. ब्रिटिश अमदानीत १९०६ साली रायपूर आणि बिलासपूर या जिल्ह्यांचे काही भाग काढून येथे नवा जिल्हा करण्यात आला, तेव्हा इंग्रजी कागदोपत्री त्याचे नाव 'ड्रुग' असे लिहिले जाई. फरक एका रकाराच्या जागेचा. परंतु रकाराने उडी मारली आणि दोन आघातांचा शब्द एका आघाताचा झाला. 'दुर्' हा उपसर्ग नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर 'कठीण' हा अर्थही गेला.

असेच आणखी एका दुर्गाचे झाले. कोकणात हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग १७५५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा अधिकारी विल्यम जेम्स याने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पुढे त्याच्या मृत्यूनंतर १७८४ साली त्याच्या पत्नीने लंडनच्या आग्नेय भागातील एका टेकडीवर स्मारक म्हणून बुरूज बांधला. तो आजही उभा आहे आणि त्याचे नाव आहे 'सेव्हर्नड्रूग'. सेव्हर्न हे इंग्लंडातील एका मोठ्या नदीचे नाव. ते तेथल्या कानाला ओळखीचे. म्हणून 'सुवर्ण' गेले, सेव्हर्न आले. 'दुर्ग' गेला, ड्रूग आला. बुरूज टिकला. नाव मात्र सांध्यात निखळले. त्या वाटेने फिरायला येणाऱ्याला या नावात सोनेही दिसत नाही आणि किल्लाही दिसत नाही.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. जोडशब्द समजण्याची किल्ली त्याच्या लांबी-रुंदीत नसते. त्याचा सांधा कोठे आहे हे ऐकणाऱ्याला कळते की नाही, यात असते. सांधा कळला तर वीस अक्षरांचा शब्दही सोपा. तो हरवला तर दोन अक्षरांचा शब्दही मुका. लांबलचक शब्दांविषयी जी तक्रार नेहमी ऐकू येते, ती बहुधा लांबीची नसून लपलेल्या सांध्याची असते.

जोडशब्द बनतो कसा, हे पाहण्यासाठी दुर्गच्या शेजारी असलेल्या भिलाईइतके सोयीचे ठिकाण नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या भट्टीचे उद्‌घाटन झाले. ज्या भट्टीत खनिज, कोक आणि चुनखडी वरून टाकतात, खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात आणि तळाशी वितळलेले लोखंड जमा करतात, तिला मराठीत 'झोतभट्टी' म्हणतात. झोत आणि भट्टी हे दोन्ही शब्द घरगुती. त्यांतला कोणताही कोशात पाहावा लागत नाही. हे दोन शब्द शेजारी ठेवले की त्यांच्यातला 'च्या योगाने चालणारी' हा मधला सगळा मजकूर गळून पडतो आणि तरी समजतो. समासाचे काम ते हेच.

अशा शब्दात मालकी शेवटच्या पदाकडे असते. झोतभट्टी ही भट्टी आहे, झोत नव्हे. म्हणूनच 'झोत' पुल्लिंगी असला तरी 'झोतभट्टी' स्त्रीलिंगी आहे. देव पुल्लिंगी, घर नपुंसकलिंगी. म्हणून 'देवघर' नपुंसकलिंगी. वीटभट्टीत विटा भाजतात. शब्द उलटे ठेवून 'भट्टीवीट' म्हटले तर ती एक वीट होईल, भट्टी होणार नाही. पुढचे पद वर्णन करते, मागचे पद वस्तू सांगते. 'आईबाप' यांसारख्या द्वंद्वात दोघांचा मान सारखा असतो आणि 'नीलकंठ' यासारख्या बहुव्रीहीत खरा धनी शब्दाच्या बाहेर उभा असतो, हे खरे. परंतु व्यवहारात आणि शास्त्रात जे नवे जोडशब्द रोज घडतात ते बहुतेक या पहिल्या जातीचे असतात.

भिलाईच्या भट्टीचे हे नाव युरोपातील एका छोट्या देशाच्या भाषेशी ताडून पाहण्यासारखे आहे. सतराव्या शतकात ज्या डचांची वखार वेंगुर्ल्यास होती, त्यांच्या भाषेत झोतभट्टीला 'होखओव्हेन' म्हणतात. 'होख' म्हणजे उंच आणि 'ओव्हेन' म्हणजे भट्टी. मराठीने भट्टी तिच्या वाऱ्यावरून ओळखली, डचांनी उंचीवरून. रचना मात्र एकच, आणि लिंगही शेवटच्याच पदाचे. नेदरलँड्समधील आयमाउडेन या बंदरी गावात पोलाद करणारी कंपनी १९१८ साली स्थापन झाली, तिच्या नावातही हाच शब्द होता. हस्तांतरे होत होत तो कारखाना २००७ साली टाटांच्या ताब्यात आला.

डच भाषेचा नियम असा की समास झाला की तो सलग लिहायचा. मध्ये जागा सोडायची नाही. त्यामुळे त्या भाषेत शब्द वाढत जातात. तेथे गमतीने नेहमी सांगितला जाणारा एक शब्द 'किंडरकार्नाव्हाल्सऑप्टोख्तव्होरबेरायडिंग्सवेर्कझामहेडेन' असा आहे. तो पाहून छाती दडपते. परंतु त्याचे पाच तुकडे केले की भीती जाते. किंडर म्हणजे मुले, कार्नाव्हाल म्हणजे रंगोत्सव, ऑप्टोख्त म्हणजे मिरवणूक, व्होरबेरायडिंग म्हणजे पूर्वतयारी आणि वेर्कझामहेडेन म्हणजे कामे. मुलांच्या उत्सवातील मिरवणुकीच्या पूर्वतयारीची कामे, एवढाच अर्थ. या शब्दात 'कार्नाव्हाल' आणि 'व्होरबेरायडिंग' या पदांच्या शेवटी एक 'स्' ऐकू येतो. तो कोणत्याच पदाचा मूळचा नाही. दोन पदे जोडताना मध्ये लावलेली ती चूक आहे, सुतार दोन फळ्यांमध्ये बसवतो तशी. हा जोडवर्ण नेहमी आधीच्या पदाला चिकटतो. म्हणून डच कानाला 'स्' आला की एक पद संपले हे कळते. पुस्तकांच्या कपाटाला ते 'बूकेनकास्त' म्हणतात. 'बूक' म्हणजे पुस्तक, 'कास्त' म्हणजे कपाट, आणि मधला 'एन' हा असाच जोड.

छापताना ओळ संपली आणि शब्द उरला तर तो कोठे तोडायचा, हा प्रश्न अशा भाषेत रोजचा आहे. डचांचा साधा नियम असा की दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या खंडात जाते. 'होख' या विशेषणाला प्रत्यय लागून 'होखे' झाले की त्याचे तुकडे हो आणि खे असे पडतात. या नियमाने 'होखओव्हेन' हा शब्द हो-खो-व्हेन असा तुटायला हवा. तो तसा तुटत नाही. होख येथेच थांबतो आणि ओव्हेन पुढच्या ओळीवर जाते. कारण दुसरा एक नियम पहिल्याहून वरचढ आहे: समासाच्या सांध्यावरून कोणताही वर्ण ओलांडून जायचा नाही. आधी अर्थाचे तुकडे, मग प्रत्येक अर्थखंडाचे उच्चारखंड.

हा क्रम उलटला तर काय होते, याची उदाहरणे डच शिक्षक हौसेने देतात. 'व्हालकाउल' हा शब्द व्हाल आणि काउल असा तोडला तर त्याचा अर्थ सावज पडावे म्हणून खणलेला खड्डा. तोच व्हाल्क आणि आउल असा तोडला तर ससाणा आणि घुबड असे दोन पक्षी हाती लागतात. 'क्वार्त्स्लाखेन' या शब्दात 'स्' मागच्या पदाला दिला तर गारेच्या दगडाचे थर, पुढच्या पदाला दिला तर पाव फेरा एवढी वळणे. अक्षरे तीच, अर्थ सांध्याने ठरतो. डच सरकारने मान्य केलेली शब्दांची यादी १९५४ साली निघाली; तिच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून लोक तिला हिरवे पुस्तक म्हणू लागले. पुढे १९९५ च्या सुधारणेत 'पान्नेकूक' या घावनासारख्या पदार्थाच्या नावात सांध्याशी एक 'न' वाढवण्यात आला, तेव्हा त्या एका वर्णावरून देशभर वाद झाला. बोलताना तो 'न' बहुतेकांच्या तोंडी येतही नाही. तरी वाद झाला, कारण सांधा हे शब्दाचे मर्मस्थान आहे.

मराठीची अडचण निराळी आहे. आपल्या लिपीत प्रत्येक व्यंजनात 'अ' दडलेला असतो. लिहिताना तो सगळीकडे असतो. बोलताना तो पुष्कळ ठिकाणी नसतो. 'घर' लिहितात, पण उच्चारतात 'घर्'. म्हणजे डोळ्याला दिसणारी अक्षरे दोन, कानाला ऐकू येणारा खंड एक. समास झाला तरी पहिल्या पदाचा हा लोप कायम राहतो: घर्काम, राज्वाडा, लोक्शाही. 'आकाशवाणी' या शब्दात लेखनात पाच अक्षरे. उच्चारात मात्र आ, काश्, वा, णी असे चार खंड, आणि अर्थाचा सांधा नेमका दुसऱ्या व तिसऱ्या खंडांच्या मध्ये. याउलट पहिले पद जोडाक्षराने संपत असेल तर त्यातला 'अ' मराठी माणूस टिकवतो. रक्तदान हे रक्-त-दान. दुर्गरक्षक हे दुर्-ग-रक्षक. हिंदी बोलणारा बहुधा हा शेवटचा 'अ' सोडून देतो. त्यामुळे दुर्गच्या एकाच रस्त्यावर गावाचे नाव दोन तऱ्हांनी ऐकू येते.

हा लोप कोठे करायचा हे लिपी सांगत नाही. ते वाचणाऱ्याला सांध्यावरून ओळखावे लागते. 'परमतसहिष्णुता' हा शब्द प्रथमच पाहणारा माणूस 'परम' या ओळखीच्या शब्दाशी अडखळतो आणि पुढे 'तसहिष्णुता' या निरर्थक अवशेषापाशी थबकतो. सांधा पर, मत आणि सहिष्णुता असा आहे हे कळले की 'पर्' आणि 'मत्' असे दोन स्वच्छ खंड पडतात आणि दुसऱ्याचे मत सोसण्याची वृत्ती हा अर्थ उजळतो. 'जनगणना' या शब्दाचेही तसेच. 'जन' येथे थांबले पाहिजे, 'जनग' अशी अक्षरे एका दमात घेऊन चालणार नाही. 'लोककला' आणि 'लोककथा' या शब्दांत सांध्याच्या दोन्ही बाजूंना 'क' आहे. पहिला 'क्' धरून ठेवून मग दुसरा सोडावा लागतो. घाई केली तर ऐकणाऱ्याच्या कानी 'लोकला' पडते. डच भाषेत जहाजावर चढण्याच्या फळीला 'लोपप्लांक' म्हणतात. तेथेही दोन 'प' राखावे लागतात.

डचांच्या जोडवर्णासारखी काही खूण मराठीत आहे काय? आहे, आणि ती अस्सल देशी शब्दांत आहे. मराठी आपल्या पहिल्या पदाला थोडे आखडून घेते. घोडा असतो, पण दौड 'घोडदौड'. पाणी असते, पण चक्की 'पाणचक्की'. सोने असते, पण चाफा 'सोनचाफा'. फूल असते, पण पाखरू 'फुलपाखरू'. 'घोड', 'पाण', 'सोन' हे शब्द एकटे उभे राहू शकत नाहीत. ते कानी पडताच पुढे काही तरी येणार आहे हे ऐकणाऱ्याला कळते. डच भाषा सांध्यावर वर्ण वाढवते, मराठी तेथे स्वर कमी करते; उद्देश एकच, की सांधा ऐकू यावा. ही सोय कोणत्याही परिषदेने ठरवलेली नाही. जात्यावर, मोटेवर, बाजारात बोलणाऱ्या पिढ्यांनी ती घडवली आहे.

संस्कृतातून आलेल्या समासांत मात्र संधीमुळे गुंता वाढतो. सूर्य आणि उदय मिळून 'सूर्योदय' होतो. त्याचे उच्चारखंड सूर्-यो-दय. पण अर्थाचा सांधा 'यो' या एका अक्षराच्या पोटात आहे. तेथे शब्द तोडता येत नाही, कारण दोन पदांचे स्वर वितळून एक झाले आहेत. 'हिमालय', 'विद्यालय', 'दिनांक' या सर्वांची हीच गत. देशी शब्दही कधी कधी असे वितळतात: मीठ आणि आगर यांचे 'मिठागर' झाले, तेव्हा 'ठा' या अक्षरावर दोघांचाही हक्क राहिला. ओळखीच्या शब्दांत यामुळे काही बिघडत नाही. परंतु 'सदाचार' म्हणजे नेहमीचा आचार असे समजणारे पुष्कळ आढळतात. मूळ पदे सत् आणि आचार, म्हणजे चांगले वागणे. सांधा एका वर्णाने सरकला आणि नीतीचे रूपांतर सवयीत झाले.

या धोक्याची जाणीव आपल्या देशात फार प्राचीन आहे. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याने केला, असे परंपरा मानते. त्यात प्रत्येक पद संधी सोडवून वेगळे म्हटले जाते, आणि समासाच्या सांध्यावर अवग्रहाचे चिन्ह देऊन क्षणभर विराम घेतला जातो. 'पुरोहित' हे पद तेथे 'पुरःऽहित' असे, 'रत्नधातम' हे 'रत्नऽधातम' असे म्हणतात. संहिता गाण्यासाठी, पदपाठ समजण्यासाठी. नुसती पदे तोडली म्हणजे झाले असेही नाही. 'इंद्रशत्रु' या शब्दाची कथा पतंजलीच्या महाभाष्यात उल्लेखिली आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ करताना शब्दाचा स्वर शेवटी न देता आरंभी दिला गेला. तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला. इंद्राचा मारेकरी असा अर्थ जाऊन इंद्र ज्याचा मारेकरी असा अर्थ आला, आणि वृत्र इंद्राच्या हातून मेला. कथा पौराणिक असली तरी तीतले व्याकरण खरे आहे: समासात काय जोडले याबरोबरच ते कसे उच्चारले हेही अर्थ ठरवते.

लेखनातही मराठीने सांध्यासाठी एक खूण राखून ठेवली आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले. त्यांनुसार 'कवी', 'गुरू', 'बुद्धी', 'मुक्ती' हे मुळात ऱ्हस्वान्त असलेले संस्कृत शब्द सुटे असताना दीर्घ लिहावयाचे. पण समासात पहिल्या जागी आले की मूळचे ऱ्हस्व रूप परत येते: कविसंमेलन, गुरुदक्षिणा, बुद्धिबळ. शाळकरी मुले या नियमाला कंटाळतात. परंतु तो म्हणजे घोड्याच्या 'घोड'चाच संस्कृत भाऊ आहे. ऱ्हस्व इकार दिसला की शब्द संपलेला नाही, पुढे दुसरे पद आहे, असे डोळ्याला कळते. १९५८ पासून काही वर्षे राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवणारे मोठे हिंदी कवी मराठी घराण्यातले होते. राजनांदगाव तेव्हा दुर्ग जिल्ह्यातच होते. गजानन माधव मुक्तिबोध हे त्यांचे नाव, आणि त्यांच्या आडनावातला ऱ्हस्व 'ति' हा याच नियमाचा साक्षीदार आहे.

हा सर्व विचार केवळ व्याकरणाच्या वर्गापुरता राहिला असता. परंतु स्वातंत्र्यानंतर तो राज्यकारभाराचा प्रश्न झाला. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर, आणि तेथील जनतेच्या मुख्य भाषा हिंदी व मराठी. कायदा, न्याय, शास्त्र आणि यंत्र यांतल्या हजारो इंग्रजी शब्दांना देशी शब्द हवे होते. ते घडवण्याचे काम नागपुरात डॉ. रघुवीर यांनी हाती घेतले. त्यांची पद्धत गणितासारखी होती. संस्कृतचे धातू, उपसर्ग आणि प्रत्यय ही सामग्री घ्यावी आणि एका इंग्रजी कुळातील शब्दांना एकाच संस्कृत कुळातील शब्द द्यावे. विधी, विधान, संविधान, विधेयक, वैधानिक असा परिवार डोळ्यांपुढे ठेवला की या पद्धतीचे बळ कळते. एक शब्द शिकला की चार आपोआप उलगडतात. तिची मर्यादाही तेथेच होती. ज्याला 'वि' आणि 'धा' ठाऊक नाहीत, त्याला तो सगळा परिवार एकसारख्या बंद दारांची ओळ वाटतो.

महाराष्ट्रातही असेच घडले. १९६२ साली शासनाचा 'पदनामकोश' निघाला आणि त्यावर टीकेची झोड उठली. टीकाकारांनी त्याला 'बदनामकोश' म्हटले. एक अक्षर बदलले. पण विनोद खरा सांध्याचा आहे. पद आणि नाम यांच्यामधला सांधा मिटला, 'बदनाम' हा रोजचा शब्द एकसंध उभा राहिला, आणि श्रोते हसले. मात्र त्या हसण्याच्या पलीकडे काळाने आपला निवाडा दिला आहे. 'संचालक', 'टंकलेखक', 'अभियंता', 'महाव्यवस्थापक' हे शब्द आज कोणालाही अडत नाहीत. 'टंकलेखक' हा शब्द तर यंत्र नाहीसे झाल्यावरही उरला आहे.

कोणते शब्द रुळले आणि कोणते कोशातच राहिले, याचे एक साधे गमक सापडते: सांध्याच्या दोन्ही बाजूंना ओळखीचे काही असावे. ते संस्कृतच असले पाहिजे असे नाही. भिलाईच्या कारखान्याला हिंदीत 'इस्पात संयंत्र' म्हणतात. मराठीतला 'कारखाना' हा शब्दही समासच आहे, आणि तो फारसी. 'कार' म्हणजे काम आणि 'खाना' म्हणजे जागा. फारसी न शिकलेल्या मराठी माणसाला त्याचा सांधा कळतो, कारण दवाखाना, छापखाना, तोफखाना अशी सख्खी भावंडे त्याने पाहिलेली असतात. 'नभोवाणी' आणि 'आकाशवाणी' हे दोन शब्द एकाच वस्तूसाठी मराठीत वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदले. 'नभोवाणी'त 'नभस्' या पदाचे रूप पालटून 'नभो' झाले आहे. 'आकाशवाणी'त आकाश जसेच्या तसे डोक्यावर आहे. सरकारी स्वीकृतीचा भाग सोडला तरी लोकांच्या तोंडी दुसरा शब्द का बसला, हे कळणे अवघड नाही.

आज उलट दिशेचा एक रोग दोन्ही देशांत दिसतो. इंग्रजीत समासाची पदे पुष्कळदा सुटी लिहितात. त्या वळणाने डच दुकानांच्या पाट्यांवरही सलग शब्द तुटू लागले आहेत, आणि तेथले भाषाप्रेमी त्याला 'इंग्रजी आजार' म्हणतात. मराठीतही 'पाणी पुरवठा', 'मुख्य मंत्री', 'पुस्तक विक्रेता' असे सुटे लेखन वाढले आहे. जागा सोडली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. 'जुना पुस्तकविक्रेता' म्हटले की विक्रेता जुना हे निश्चित होते; 'जुने पुस्तक विक्रेता' अशी पाटी लागली की जुने काय, पुस्तक की विक्रेता, याचा निर्णय गिऱ्हाइकाने करायचा. सांधा लपवणे जसे वाईट, तसे सांध्यावर शब्द तोडून टाकणेही वाईट.

म्हणून शब्द घडवणाऱ्याने दोन पदांचा समास करावा. तीन लागली तर आधी दोघांची जोडी जमवून मग तिसरे जोडावे. 'राष्ट्रपतिभवन' या शब्दात राष्ट्र आणि पती आधीच एक झाले आहेत, भवन नंतर आले आहे. ओळीच्या शेवटी हा शब्द तोडायचा असेल तर जुळाऱ्याने तो 'पति'नंतर तोडावा, 'राष्ट्र'नंतर नव्हे. कारण मोठा सांधा तेथे आहे. मोठ्याने वाचणाऱ्याने शब्दावर धावून न जाता आधी डोळ्याने त्याचे सांधे मोजावेत. शिकवणाऱ्याने 'विग्रह करा' हा प्रश्न गुणांसाठी न विचारता, मुलाला अनोळखी शब्दात शिरण्याची वाट म्हणून शिकवावा.

भिलाईचा कारखाना भारतीय रेल्वेला रूळ पुरवतो. तेथे रूळ जोडून दोनशे साठ मीटर लांबीचे अखंड पट्टे तयार करतात आणि त्यांच्यावरून गाडी गेली तर पूर्वीसारखा खडखडाट होत नाही. रुळाचा सांधा जितका कमी जाणवेल तितके काम चांगले. शब्दाचे तसे नाही. त्याचा सांधा मजबूत तर हवाच, पण तो ऐकूही आला पाहिजे. कारण ऐकणारा त्याच जागेतून अर्थात प्रवेश करतो. ज्या भाषेचे सांधे तिच्या सामान्य बोलणाऱ्याला ऐकू येतात, तिला लांब शब्दांचे भय बाळगण्याचे कारण नाही.